फोटो करडा येतो, हलतो, पट्टे पडतात? या चुका टाळा

वारीत पांढऱ्याशुभ्र धोतर-सदऱ्यातल्या वारकऱ्यांचे फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर सगळे मळकट! कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याचं मीटर फक्त उजेड मोजतं आणि समोरचं सगळं मिळून मध्यम करडं असणार असं धरून चालतं. चौकट पांढऱ्याने भरली की ते उजेड कमी करतं आणि सदरे करडे होतात. काळी म्हैस चौकटभर आली की उलटं होतं, ती धुरकट दिसते. नव्या कॅमेऱ्यांची मीटरं बरीच हुशार झालीत, पण इथे अजूनही फसतात.

उपाय अधिक-उणे चिन्हाच्या बटणात आहे. पांढऱ्यासाठी +१, काळ्यासाठी −१ पासून सुरुवात करा. आधीच पांढरं आहे, त्याला आणखी उजेड कशाला, असं वाटून नवशिके नेमकं उलटं फिरवतात. आणि निकाल स्क्रीनच्या उजेडावर ठरवू नका. उन्हात ती अंधारी दिसते, रात्री झगझगीत. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख बघा, तो उजव्या कडेला चिकटला असेल तर तिथला पांढरा तपशील गेला.

फोटो हलला असेल तर आधी काय हललंय ते पाहा. भिंतीसकट सगळं पुसट असेल तर हात हलला. ५० मिमी लेन्सला शटर (उजेड किती वेळ आत येतो ते) निदान १/५० सेकंदाइतकं वेगवान हवं, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १/८०. भिंत स्पष्ट आणि माणसंच पुसट असतील तर माणसं हलली. तिथे स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही, ते तुमचा हात सावरतं, लेझीम खेळणाऱ्याचा नाही. त्याच्यासाठी १/५०० लावा आणि लागेल तेवढा आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) वाढवा. वाढवलेल्या आयएसओने फोटोत येणाऱ्या दाण्यांना घाबरून आयएसओ १०० वर अडून बसणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा परत येत नाही.

मंगल कार्यालयात आणखी एक गोष्ट नडते. १८-५५ मिमी झूम लेन्सचं छिद्र १८ वर एफ ३.५ पर्यंत उघडतं, ५५ वर फक्त ५.६ पर्यंत (एफचा आकडा जितका मोठा, छिद्र तितकं लहान). म्हणजे झूम करताच निम्म्याहून जास्त उजेड जातो. झूम करण्याऐवजी चार पावलं पुढे जा.

फोटोत आडवे पट्टे दिसतात ते दिव्यांमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० शटर ठेवलं की पट्टे बहुधा जातात. मूक शटर चालू असेल तर तेही बंद करा.

सह्याद्रीच्या रांगा शेवटपर्यंत स्पष्ट याव्यात म्हणून एफ २२ लावणारेही बरेच भेटतात. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळंच थोडं मऊ होतं. एफ ८ ते ११ पुरे.