उंच डोंगरातला छोट्या ग्रुपचा ट्रेक: या चुका टाळा

ग्रुप सहा-आठ जणांचा असला की ट्रेक आपोआप सुरक्षित होतो, डोंगर स्वच्छ राहतो आणि सोबतच्या कामगारांची आबाळ होत नाही, असं धरून बरेच जण बुकिंग करतात. छोट्या ग्रुपमुळे एकच गोष्ट होते: प्रत्येकाकडे लक्ष देणं शक्य होतं. ते दिलं नाही तर सहा जणांच्या ग्रुपमध्येही माणूस रात्रभर तंबूत आजारी पडून राहतो आणि शेजारच्या तंबूत कुणाला पत्ता लागत नाही. हे मी पाहिलं आहे, आणि दर मोसमात त्याच त्या चुका पाहत आले आहे.

दिवस कापणं आणि डोकेदुखी लपवणं

या दोन चुका मी एकत्रच सांगते, कारण पहिलीतून दुसरी जन्माला येते. सुट्टी कमी म्हणून लोक सगळ्यात कमी दिवसांचा ट्रेक निवडतात. मग एकही दिवस हातचा उरत नाही, आणि त्रास व्हायला लागला की सांगायची हिंमत होत नाही.

५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवाच विरळ असल्यामुळे एका श्वासात निम्माच ऑक्सिजन मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला लागतील तेवढे दिवस लागतातच. रोज धावणाऱ्याला किंवा जिमला जाणाऱ्याला यात सवलत नाही. उलट अशी माणसं दमत नाहीत म्हणून भराभर चढतात आणि आधी आजारी पडतात.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करावा, हा सर्वमान्य नियम आहे. मोजायची ती झोपायची उंची. दिवसा वर जाऊन खाली झोपायला येणं चांगलंच. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर लुक्ला २,८६० मीटरवर आणि नामचे ३,४४० मीटरवर आहे. नामचेला दोन रात्री काढतात त्या याचसाठी. ‘तिथे एक दिवस फुकट जातो, तो काढून टाका,’ असं कुणी म्हणालं की मी त्या माणसाला दुसरा ट्रेक सुचवते.

एका ग्रुपमध्ये एक तरुण होता. काटक, हसतमुख, रोज सगळ्यांच्या पुढे. ४,२०० मीटरच्या कॅम्पवर रात्री त्याने ताट तसंच ठेवलं. विचारलं तर म्हणाला, ‘ताई, ॲसिडिटी आहे, सकाळपर्यंत बरं वाटेल.’ त्याचं डोकं आदल्या दिवसापासून दुखत होतं आणि तो गुपचूप वेदनाशामक गोळ्या घेत होता. तंबूतल्या मित्राला सगळं माहीत होतं. आपल्यामुळे ग्रुपचा ट्रेक बुडायला नको, म्हणून दोघं गप्प होते. सकाळी त्याला बुटाची नाडी बांधता येईना. मी त्याला टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर तिसऱ्याच पावलाला तो कलला. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज यायला लागल्याची खूण. तिथे औषध शोधत बसायचं नसतं, उतरायचं असतं. सहायक गाइड आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून गारठलेल्या पावसात निघालो. सातशे मीटर खाली आल्यावर त्याचं बोलणं सरळ झालं, संध्याकाळी त्याने स्वतःहून जेवायला मागितलं. आणखी एक रात्र तो वर राहिला असता तर काय झालं असतं, हे त्याच्या मित्राला सांगताना मी आवाज चढवला होता, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. गप्प राहणं म्हणजे मैत्री नव्हे.

म्हणून मी ग्रुपला कधीच एकत्र विचारत नाही. दहाजणांसमोर सगळेच ‘मस्त’ म्हणतात. सकाळ-संध्याकाळ एकेकाला बाजूला घेऊन विचारते: डोकं कसं आहे, जेवलास का, झोप लागली का, लघवी नेहमीसारखी होते का. मग तेच त्याच्या तंबूतल्या जोडीदाराला विचारते. उंचीवर डोकं दुखलं तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास धरायचा. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही. वाढलं तर उतरायचं. नुसतं बसल्या जागी धाप लागत असेल किंवा तोल जात असेल तर रात्र असली तरी उतरायचं, आणि आजारी माणसाला एकट्याने कधीही पाठवायचं नाही.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतात त्या गोळीबद्दल, सगळेच विचारतात. निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यायला माझी हरकत नाही, पण गोळी घेतली म्हणून दोन दिवसांची चढाई एका दिवसात करायची परवानगी मिळत नाही. झोपेची गोळी आणि दारू मात्र उंचीवर नकोच.

पोर्टरला ग्रुपबाहेरचा समजणं

हे मला सगळ्यात जास्त लागतं. सहा जणांचा ग्रुप म्हणताना लोक ओझं वाहणाऱ्यांना मोजतच नाहीत. ‘ते इथलेच, त्यांना सवय असते,’ हे वाक्य तर निव्वळ खोटं आहे. अनेक पोर्टर कामासाठी खालच्या खोऱ्यांतून आलेले असतात आणि त्यांना उंचीचा त्रास आपल्यासारखाच होतो. नेपाळमध्ये असाच एक तरुण पोर्टर उंचीच्या आजाराने मरण पावला. तो वाचू शकला असता. त्यानंतर १९९७ मध्ये इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप सुरू झाला. त्यांचं म्हणणं साधं आहे: पोर्टरला त्या उंचीला पुरतील असे कपडे आणि निवारा हवा, ट्रेकरला मिळतात तेच उपचार हवेत, आणि आजारी पोर्टरला पगार हातात देऊन एकट्याला खाली धाडायचं नाही.

बुकिंग करताना दरासाठी घासाघीस करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की कमी केलेला पैसा सहसा मालकाच्या खिशातून जात नाही. तो पोर्टरच्या मजुरीतून, जेवणातून, जॅकेटमधून जातो. कंपनीला सरळ विचारा: एका पोर्टरवर किती किलो, तो झोपतो कुठे, त्याचा विमा आहे का. आफ्रिकेतल्या किलीमांजारो पर्वतावर ओझ्याला २० किलोची मर्यादा आहे आणि प्रवेशद्वाराशी वजन होतं. सगळीकडे असा काटा नसतो, म्हणून मी हाताचा छोटा वजनकाटा सोबत ठेवते. पहिल्या सकाळी प्रत्येकाची डफल बॅग त्याला लटकवते, आणि दुसरी जीन्स, मोठा शॅम्पू, जाडजूड पुस्तक तिथेच बाहेर येतं. पोर्टरची नावं पहिल्याच दिवशी पाठ करते. ग्रुपनेही करावीत, असा माझा आग्रह असतो.

बाकीच्या, थोडक्यात

नवे बूट घालून ट्रेकला येऊ नका. महिनाभर आधी घ्या आणि चढ-उतारावर वापरा.

बाटलीबंद पाणी नको. रिकामी बाटली वरून खाली आणायला कुणी नसतं. फिल्टर किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापरा. पाणी थंड असेल तर गोळीला जास्त वेळ द्यावा लागतो. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फाटतो आणि बाहेरून कळतही नाही. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

नागमोडी वाट सोडून मधूनच सरळ उतरू नका. दहा मिनिटं वाचतात, आणि पुढच्या पावसात तिथे घळ पडते. मला हा शॉर्टकट अजिबात खपत नाही.

शौचाला पाण्यापासून किमान साठ-सत्तर मीटर लांब जा. ओले टिश्यू कुजत नाहीत, ते पिशवीत घालून परत आणा.

वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडं उगवायची थांबतात त्या उंचीच्या, वर शेकोटी नाही. तिथलं झुडूप बोटभर वाढायलाही कित्येक वर्षं घेतं.

विमा काढताना तो किती मीटरपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरचा खर्च देतो का, हे वाचून घ्या. कित्येक साध्या पॉलिसी ट्रेक सुरू होतो त्याच्याही खाली संपतात.

परतीचं तिकीट लगेच दुसऱ्या दिवशीचं काढणं

ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष नेपाळवर पोचले आणि ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला या खिंडीच्या परिसरात हिमवादळ झालं. त्या आपत्तीत चाळीसहून अधिक माणसं गेली, ट्रेकर आणि स्थानिक कामगार दोघंही. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत भरवशाचा मोसम मानला जातो, तरीही. खिंडीखाली आभाळ भरून आल्यावर थांबायचं असेल तर थांबायला दिवस हवा. विमान चुकेल या धास्तीत असलेला माणूस हवामान पाहत नाही, घड्याळ पाहतो. म्हणून माझ्या ग्रुपच्या वेळापत्रकात एक राखीव दिवस असतोच. तो नको असेल तर मी नाव नोंदवून घेत नाही.

खिंडीच्या आदल्या संध्याकाळी मी परत फिरायची वेळ ठरवते आणि सगळ्यांसमोर, पोर्टर आणि स्वयंपाक्यासकट, मोठ्याने सांगते. उदाहरणार्थ, सकाळी अकरापर्यंत माथा दिसला नाही तर जिथे असू तिथून मागे. सर्वांत हळू चालणारा सर्वांत पुढे, सहायक गाइड सर्वांत मागे, आणि मधे कुणीही नजरेच्या टप्प्याबाहेर नाही.