जखम भरण्याच्या चाचणीसाठी एक्सोसोम वेगळे करताना

एक्सोसोम म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. मूळपेशी ज्यात वाढवल्या ते द्रव माध्यम ४ अंशांवर सेंट्रीफ्यूजमध्ये क्रमाने फिरवा: ३०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) १० मिनिटं, २,००० जी २० मिनिटं, १०,००० जी ३० मिनिटं. दरवेळी वरचा द्रव ठेवा, गाळ टाका. शेवटी १,००,००० जीला ७० मिनिटं. आता मात्र गाळच हवा. तो पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त मिठाच्या द्रावणात) धुऊन पुन्हा तसाच फिरवा, उणे ८० अंशांवर छोट्या भागांत साठवा. वारंवार वितळवलं की पटलं फाटतात.

खरा घोळ सीरममुळे होतो! पेशी वाढवायला माध्यमात गाईचं सीरम (रक्तातला द्रव) घालतात, त्यात तिचेच एक्सोसोम असतात. ते आधी काढले नाहीत, तर चाचणीत पेशींच्या थरावर काढलेला ओरखडा कुणामुळे भरला हे कळणारच नाही. म्हणून पेशी न घातलेलं माध्यमही याच टप्प्यांतून नेऊन तुलनेला ठेवा.