प्रवेशाच्या तयारीत आधी व्हॅलिडिटी, मग बाकी सगळं

थोरलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची तात्पुरती गुणवत्ता यादी लागली, तेव्हा तिच्या नावापुढच्या रकान्यात ओबीसीच्या जागी ‘ओपन’ आलेलं होतं. मार्क चांगले होते, जातीचा दाखला होता, नॉन क्रिमीलेयर (घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) होतं, फाईल मी स्वतः लावली होती. नव्हती ती जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला तपासून मिळणारं प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. अर्जच केलेला नव्हता, म्हणून दाखवायला पोचपावतीही नव्हती. ती अकरावीत असताना कॉलेजच्या ऑफिसात मला विचारलं होतं, “व्हॅलिडिटी आहे ना?” मी नॉन क्रिमीलेयरवरची तारीख बघितली आणि म्हणाले, “हो, आहे.” त्या एका ‘हो’मुळे तिच्या मनातलं कॉलेज गेलं आणि फीची सवलतही गेली. आता धाकटा दहावीत आहे. ही यादी त्याच्यासाठी केलेली आहे, पण महाराष्ट्रात ज्यांच्या घरी आठवी ते बारावीतलं मूल आहे त्या सगळ्यांना ती लागू पडेल. ज्यांना आरक्षण लागू नाही त्यांनी जातीचा भाग सोडून द्या, बाकीचा वाचा.

सुरुवात नावापासून. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी बघा: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. शिक्षकांनी “बरोबर आहे” म्हटलं तरी बघा. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तीच दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते. मग आधार कार्ड बोर्डाच्या नावाशी जुळवून घ्या, इंग्रजी स्पेलिंगसकट. बँकेचं खातं मुलाच्या नावावर काढा आणि त्याला आधार जोडून घ्या, कारण शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यातच येते. फोटो, सही, स्कॅन वगैरे सांगत बसत नाही.

दहावीतच करायचं दुसरं काम म्हणजे जातीचा दाखला, जो प्रांत कार्यालयातून मिळतो. तो असेल तर उत्तम. पण तिथे थांबू नका, मी तिथेच थांबले होते. जातीचा दाखला वेगळा, नॉन क्रिमीलेयर वेगळं, व्हॅलिडिटी वेगळी. दाखला प्रांताधिकारी देतात. तो खरा आहे की नाही हे जात पडताळणी समिती तपासते आणि मग वैधता प्रमाणपत्र देते. नॉन क्रिमीलेयरवर जी मुदत छापलेली असते तिचा या वैधतेशी काही संबंध नाही. कोणी नुसतं “व्हॅलिडिटी” म्हणालं तर कशाची म्हणताय, असं उलट विचारा.

व्हॅलिडिटीचा अर्ज विज्ञान शाखेचा विद्यार्थी अकरावीपासून करू शकतो, कारण त्यासोबत कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र लागतं. म्हणून दहावीच्या वर्षात पुरावे गोळा करायचे आणि अकरावीचा प्रवेश झाला की पहिल्याच महिन्यात अर्ज टाकायचा. बारावीत करू म्हणू नका. बारावीत सगळेच करतात, समितीपुढे ढीग साचतो, आणि त्यात मुलाची परीक्षा असते.

पुराव्यांचं गणित तारखेवर चालतं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला, जातीची नोंद असलेला कागद सगळ्यात भक्कम धरला जातो. आईकडचे कागद चालत नाहीत. आमच्या घरी माझे सासरे दुसरीपर्यंतच शिकलेले. त्यांचा दाखला घरात कुठेच नव्हता. शेवटी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं, पानं कडेला खाल्लेली, शाई तपकिरी झालेली. १९५१ च्या पानावर सासऱ्यांचं नाव सापडलं, त्यांच्या वडिलांचं नाव होतं, जात होती, आणि आडनावाचा रकानाच नव्हता. आडनाव पुढे कधीतरी लागलं. म्हणजे तो मुलगा आणि माझे सासरे एकच, हे दाखवायला शपथपत्र आणि गावाकडचे आणखी कागद जोडावे लागले. थोरलीचा प्रवेश हातचा गेल्यावर सगळं हाती लागलं, दोन वर्षं आधी लागलं असतं तर उपयोग झाला असता.

शाळेत नोंद नाही सापडली तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद मागा. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. काही ठिकाणी ती मोडी लिपीत असते, तेव्हा मोडी वाचणारा माणूस शोधावा लागेल. ज्यांनी आजोबांचा काळ पाहिलेला आहे अशा वयस्कर माणसांना आजच विचारा, आजोबा कुठल्या शाळेत होते, गाव कोणतं होतं. अशी माणसं घरात फार काळ राहत नाहीत.

आणि ज्यांच्या चुलत घराण्यात, म्हणजे सख्ख्या काका, आत्या, चुलत भावंडांत कोणाची व्हॅलिडिटी झालेली असेल त्यांनी ती प्रत आधी मिळवा. आमच्या दिरांच्या मुलाची झालेली होती, दिवाळीत सगळे एकत्र जेवलो तरी मी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. वंशावळ त्यांच्या फाईलशी जुळली तर काम खूप सोपं होतं. वंशावळ शपथपत्रावर लिहिताना एकही नाव अंदाजाने टाकू नका. पुरावे अपुरे वाटले तर समितीचं दक्षता पथक घरी, गावी चौकशीला येतं, आणि तिथे वेगळं नाव निघालं की फाईल अडते.

अर्ज ऑनलाइन भरायचा, मग त्याची प्रत कागदांसकट समितीच्या कार्यालयात द्यायची. जातीचा दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला त्याच जिल्ह्याच्या समितीकडे. तुम्ही आता राहता कुठे याने फरक पडत नाही. अनुसूचित जमातींसाठी तपासणी समित्या वेगळ्या आहेत. पोचपावती घ्या. पोचपावतीचा फोटो काढा, प्रिंट काढा, एक प्रत कॉलेजात द्या. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र हातात आलं नसेल तर पुष्कळ वर्षी शासन मुदत देतं, पण ती मुदत पावती असलेल्यालाच मिळते. माझ्याकडे पावतीही नव्हती.

आता मुलाला काय करायचं आहे, हा प्रश्न. दहावीच्या निकालानंतर चार दिवसांत तो सुटत नाही, आणि “सायन्स घे, मग बघू” हे मला पटत नाही. अकरावीला गणित सोडलं की इंजिनिअरिंग बंद होतं. एनडीएच्या नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं, भूदलाला कोणतीही शाखा चालते. हे मुलाला गणित सोडण्याआधी माहीत हवं. तंत्राची आवड असेल तर दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे, त्याला प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या मार्कांवर प्रवेश मिळतो आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय करून डिप्लोमाला जाणारी मुलं आहेत. याला कमी लेखू नका. थोरलीच्या वर्गातला एक मुलगा डिप्लोमा करून दुसऱ्या वर्षाला आला आणि वर्कशॉपमध्ये बाकीचे त्याला विचारून काम करायचे. एक गोष्ट जरूर करा: ज्या कामाबद्दल मूल बोलतं ते करणाऱ्या माणसाबरोबर त्याला एक पूर्ण दिवस बसवा. माझी भाची आर्किटेक्ट व्हायचं म्हणत होती. एका ऑफिसात दिवसभर बसली, नगरपालिकेच्या परवानगीची फाईल तिसऱ्यांदा परत आलेली बघितली, संध्याकाळी घरी आली आणि तरीही तेच म्हणाली. मग आम्ही निर्धास्त झालो.

प्रत्येक अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा वेगळी आहे आणि हे दरवर्षी कोणाला तरी उशिरा कळतं. बीबीए, बीसीएला २०२४ पासून राज्याची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, सुरू झाली, त्या वर्षी कितीतरी मुलं “बारावीचे मार्क पुरतील” म्हणून बसली राहिली. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची वेगळी, नर्सिंगची वेगळी, आर्किटेक्चरची नाटा वेगळी. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात, तेव्हा मुलं बारावीच्या अभ्यासात बुडालेली असतात, म्हणून तारखांवर नजर पालकांनी ठेवायची. या सीईटी घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलची वेबसाइट आठवड्यातून एकदा उघडा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या तारखेवर विसंबू नका.

इंजिनिअरिंगची सीईटी दोनशे मार्कांची. फिजिक्स, केमिस्ट्री पन्नास-पन्नास प्रश्न एकेका मार्काचे, गणिताचे पन्नास दोन-दोन मार्कांचे. चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. अकरावीचाही भाग असतो, बारावीवर भर जास्त. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के लागतात. सीईटीत छान मार्क पडले आणि इथे अडलं असंही होतं.

बारावीच्या वर्षातले दाखले. उत्पन्न आणि अधिवास तहसीलमधून, अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा महा-ई-सेवा केंद्रात. लोकसेवा हक्क कायद्यात दोन्हींना पंधरा दिवसांची मुदत आहे, पण जूनमध्ये केंद्रांबाहेर रांगा असतात, तुम्ही जानेवारीत काढा. नॉन क्रिमीलेयरला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. त्याची मुदत प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत हवी. काहींना एकाच वर्षाचं मिळतं, ते नेमकं प्रवेशाआधी संपतं, तेव्हा तारीख बघा. अनुसूचित जाती-जमातींना नॉन क्रिमीलेयर लागत नाही. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बलांचं, प्रमाणपत्र एका आर्थिक वर्षापुरतं असतं, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. जेईई, नीटसारख्या केंद्राच्या परीक्षांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हे आधी तपासा, कारण राज्याच्या यादीतल्या सगळ्याच तिथे नाहीत. हे सगळं झालं तरी व्हॅलिडिटी झाली आहे का, हे परत एकदा विचारा. हातातला कागद जात पडताळणी समितीने दिलेलं वैधता प्रमाणपत्र असेल तरच ती.

कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, अर्जात मोबाइल नंबर घरातल्या मोठ्या माणसाचा टाका, मुलाचं सिम बदलतं आणि ओटीपी हरवतो. ई-स्क्रूटिनी म्हणजे ऑनलाइन कागद तपासणी की प्रत्यक्ष सुविधा केंद्रात तपासणी, यातलं काहीही निवडा, पण नंतरचे शेरे रोज बघा. ‘कागद अस्पष्ट’ असा शेरा आला तर उत्तर द्यायला थोडेच दिवस असतात. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की आपला प्रवर्ग बघा, मार्क नंतर. तक्रारीची मुदत तीन-चार दिवसांचीच असते.

पसंतीक्रम भरताना ज्या क्रमाने कॉलेज हवं त्या क्रमानेच लिहा, गेल्या वर्षीचं कटऑफ बघून वरचं गाळू नका. पहिल्या पसंतीची जागा पहिल्याच फेरीत मिळाली तर ती आपोआप पक्की होते, तेव्हा पहिलं नाव विचार करून टाका. फ्रीझ (मिळालेली जागा पक्की करणं) आणि बेटरमेंट (पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट बघणं) यांचे नियम दरवर्षी बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

प्रवेश मिळाला की महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज. मुलींसाठी २०२४ च्या शासन निर्णयाने, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण अर्ज करावा लागतो. वसतिगृहाचा अर्ज त्याच आठवड्यात. मूळ दाखले कॉलेजात जमा करण्याआधी प्रत्येकाच्या चार झेरॉक्स आणि एक स्कॅन.

धाकट्यासाठी सासऱ्यांच्या रजिस्टरचा उतारा, वंशावळ आणि दिरांच्या मुलाच्या व्हॅलिडिटीची प्रत एका वेगळ्या निळ्या फाईलीत लावून ठेवली आहे. अकरावीचं प्राचार्यांचं पत्र मिळालं की त्याच दिवशी ती समितीकडे जाईल.