बेळगावहून डॉल्फिन बघायला निघालाय? मग या चुका टाळा

डिसेंबर लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी मालवण नाहीतर कारवारला जातात, बोटीत बसतात आणि परत येऊन सांगतात, काही दिसलंच नाही बघा, नुसते पैसे गेले. डॉल्फिन तिथं असतात हो, वेळ आपली चुकते.

सगळ्यात मोठी चूक हीच. सकाळी आरामात नाष्टा करून निघायचं, आंबोलीत नाहीतर चोर्ल्यात फोटोला थांबायचं आणि बोटीवर पोचायचं बारा वाजता. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो, ते मतलई वारे, सकाळी ते मंदावले की पाणी एकदम सपाट असतं, मग ऊन चढलं की खारे वारे सुटतात आणि जिकडं बघाल तिकडं पांढरा फेस. त्या फेसात करडी पाठ कशी ओळखणार? म्हणून आदल्या संध्याकाळीच पोचा, मुक्काम करा आणि सकाळची पहिली बोट धरा. एका दिवसात जाऊन यायचा हट्ट असेल तर मध्यरात्रीच निघावं लागतं, लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर ते करूच नका.

दुसरं, टीव्हीवरच्यासारख्या उड्यांची वाट बघत बसू नका. आपल्या किनाऱ्याला बहुतेक वेळा दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन, त्याला कमी खोल पाणी आणि नदीचं मुख आवडतं, म्हणजे कारवारला काळी नदी समुद्राला मिळते तिथं, किंवा मालवणजवळच्या देवबागला कर्लीच्या संगमावर. आधी लांब चोच वर येते, मग पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर, फुस्स असा श्वास ऐकू येतो आणि गेला खाली. तो परत वर येईपर्यंत आपण मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलो असतो. पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी बघा, तो कुठल्या दिशेला चाललाय ते कळलं की मग कॅमेरा काढा.

काहीच दिसत नसेल तर बोटवाल्या मामांना इंजिन बंद करायला सांगा आणि दहा मिनिटं गप्प बसा. सुरय पक्षी एकाच ठिकाणी पाण्यात सूर मारत असतील तर तिथं मासळी आहे, आणि मासळीमागं डॉल्फिन असू शकतात. मान वर करा, किनाऱ्यावरच्या झाडात समुद्री गरुड बसलेला असतो, तोही बघण्यासारखा आहे.

आणि कृपा करून "मामा, अजून जवळ घ्या की" म्हणू नका. आपण म्हणतो म्हणून ते पाठलाग करतात, मग चार बोटी एका कळपाला घेरतात, त्यात एखादी आई पिल्लाला बाजूला घेऊन पोहत असते. डॉल्फिन आवाजावर जगतात, आवाजानंच मासळी शोधतात आणि एकमेकांशी बोलतात, त्यात इंजिनाचा कल्लोळ म्हणजे त्यांचा छळच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते अनुसूची 1 मध्ये आहेत, वाघासारखेच. लांबूनच, कळपाच्या बाजूनं, हळू चाललेल्या बोटीतून बघा, ते घाबरले नाहीत तर बराच वेळ दिसत राहतात.

उलटीचं काय? घाट उतरून लगेच बोटीत बसलं की पोट ढवळणारच. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि बोटीत चढायच्या आधी, त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. हलकं खा, बोटीच्या मधल्या भागात बसा, नजर लांब क्षितिजावर ठेवा. लाईफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवू नका, बक्कल लावा.

देवमासा दिसेल का, असं बरेच जण विचारतात. सिंधुदुर्गच्या समुद्रात ब्रायडीज व्हेल आणि ब्लू व्हेलच्याही नोंदी आहेत, पण तासाभराच्या टुरिस्ट बोटीतून ते दिसणं दुर्मिळच, त्यामुळं कुणी गॅरंटी देत असेल तर पैसे देऊ नका.

पावसाळ्यात तर जाऊच नका, समुद्र खवळलेला असतो, जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारीसुद्धा बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. निघायच्या आदल्या दिवशी बोटवाल्याला फोन करून वारा कसा आहे ते विचारा, तो नको म्हणाला तर घाट उतरू नका.