सोळा वेळा १: मोठी संख्या फोडायची कशी?

मोठी संख्या फोडायला, म्हणजे तिचे मूळ अवयव काढायला बसलं की सल्ला ठरलेला: २ ने भागून बघा, मग ३ ने, मग ५ ने, असं करत चला. हे सांगणाऱ्याने सात आकडी संख्या कधी हाताने फोडलेली नसते. आपण सोळा आकडी घेऊ: १,११,११,११,११,११,११,१११. अप्पा बळवंत चौकातून चौकटीची वही आणा, बास.

स्प्रेडशीट नको. पंधरा आकड्यांनंतर ती शेवटच्या १ चा ० करते, आणि आपली विषम संख्या चक्क १० ने भाग जाणारी ठरते. शिकवणीच्या पोरांसमोर माझी अशी फजिती झाली आहे.

आधी मधोमध कापा: १,११,११,१११ × १०,००,००,००१. पहिला तुकडा पुन्हा कापला की ११११ × १०००१, आणि त्यातून ११, १०१, ७३, १३७. दुसऱ्याला १७ ने भाग जातो, उरतात ५८,८२,३५३.

खरी गोम इथे आहे. ही उरलेली संख्या मूळ की संयुक्त? वर्गमूळ २४२५ च्या जरा वर, म्हणजे साडेतीनशेहून जास्त मूळ संख्यांनी भागून बघायचं. मी दोन रविवार तेच केलं. दुसऱ्या रविवारी वजाबाकीत हातचा चुकला आणि मी ‘सापडला!’ म्हणून विभाजक जाहीर केला. दहावीतल्या एका मुलीने शांतपणे उलटा गुणाकार करून दाखवला. तेव्हापासून नियम एकच: उलटा गुणाकार केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

आता सगळ्यांनी भागायची गरजच का नाही, ते बघा. १०,००,००,००१ म्हणजे १० चा आठवा घात अधिक १. एखाद्या मूळ संख्येने, तिला म म्हणू, याला भाग जात असेल तर म ने भागल्यावर १० च्या आठव्या घाताची बाकी म − १ येते आणि सोळाव्याची १. सोळाच्या आधी कुठल्याच घाताची बाकी १ येत नाही, आणि पुढेही ती दर सोळा घातांनीच येते. पण फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार १० च्या (म − १) व्या घाताची बाकीही १ असते. म्हणून म − १ ला १६ ने भाग गेलाच पाहिजे. ही ओळ समजेपर्यंत पुढे जाऊ नका. पाठ करून उपयोग नाही.

म्हणजे उमेदवार फक्त १७, ९७, ११३, १९३, २४१ असे, १६ ने भागून १ उरणारे. २४२५ पर्यंत ते भरतात ४१. (१७ पुन्हा तपासा, तो दोनदाही येऊ शकला असता.) एकानेही भाग जात नाही, म्हणून ५८,८२,३५३ मूळ. फर्माने मूळ मानलेली २ चा बत्तिसावा घात अधिक १ ही संख्या ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये फोडली. तिथेही याच युक्तीने ६४ ने भागून १ उरणाऱ्याच मूळ संख्या बघायच्या. ६४१ त्यांतली पाचवी.

बाकी सोपं. सहा वेगवेगळे मूळ अवयव, म्हणून विभाजक ६४. ती सोळा आकडी संख्या सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज तिच्या पाचव्या भागालाही पोचत नाही.

फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या गणिती द. रा. कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्या अशाच कापाकापीच्या: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. वहीत पान उरलं असेल तर ५८,८२,३५३ ही कापा: ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग काढून बेरीज करा.