आयरिश पूर्वजाचं मूळ गाव कसं शोधावं?

खापरपणजोबा आयर्लंडहून अमेरिकेत आले, एवढंच माहीत असेल तर आयर्लंडची दप्तरं इतक्यात उघडू नका. तिथे एकाच नावाचे मर्फी ढिगाने सापडतील आणि त्यातला आपला कोणता, हे कळणार नाही. आधी अमेरिकेतच त्यांच्या टाउनलँडचं नाव मिळवा. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीसारखा जमिनीचा छोटा तुकडा. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून जास्त आहेत.

सरकारी कागदांवर बहुधा नुसतं 'आयर्लंड' असतं. त्यामुळे थडग्यावरचा मजकूर, वर्तमानपत्रातली निधनवार्ता आणि कॅथलिक चर्चमधली लग्नाची नोंद आधी बघा. अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत देशात आल्याचं वर्ष मिळतं. बॉस्टनच्या 'पायलट' या वर्तमानपत्रात १८३१ पासून हरवलेल्या नातलगांसाठी जाहिराती येत. त्यांत गाव, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग), कधी जहाजसुद्धा दिलेलं असे. पूर्वजाचं काही मिळालं नाही, तर त्यांच्या भावंडांचे आणि मुलांच्या धर्मपालकांचे (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्यांचे) कागद तपासा. शेजारीपाजारी बऱ्याचदा एकाच गावचे असत.

गाव कळलं की आयर्लंडकडे वळा. १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनचं अभिलेखागार जळालं आणि जुन्या जनगणनांचा मोठा भाग राख झाला. पूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या. दोन्ही ऑनलाइन फुकट पाहता येतात. त्यांतल्या वयांवर मात्र फार विसंबू नका. मधल्या काळात सत्तरीनंतरचं पेन्शन सुरू झालं आणि बरीच म्हातारी माणसं दहा वर्षांत पंधरा वर्षांनी मोठी झाली!

सर्वांच्या जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासूनची. दुष्काळात, म्हणजे १८४५ नंतरच्या काही वर्षांत, देश सोडलेल्यांना तिचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी कॅथलिक पॅरिशच्या नोंदवह्या. साधारण १८८० पर्यंतची पानं राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत. अक्षर किचकट असतं आणि नावं अनेकदा लॅटिनमध्ये, म्हणजे जेम्सचा 'याकोबुस' झालेला. आडनावाच्या सुरुवातीचा 'ओ' किंवा 'मॅक' गळलेला असू शकतो, तेव्हा दोन्ही रूपांनी शोधा.

पॅरिशच माहीत नसेल, तर १८४७ ते १८६४ मधली ग्रिफिथची जमीन-मूल्यांकन यादी चाळा. त्यात फक्त जमीन-घर ताब्यात असलेल्यांची नावं आहेत, पण पूर्वज आणि त्यांची पत्नी, दोघांची आडनावं ज्या पॅरिशमध्ये एकत्र दिसतील, तिथल्या नोंदवह्या आधी उघडा.