रिकामी पिकअप डिझेल का पिते? अ‍ॅव्हरेजच्या हिशेबातल्या या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतला टोमॅटोच्या लिलावाची वाट बघत गाड्या उभ्या असल्या की बोलणं फिरून फिरून डिझेलवर येतं. "भरून वाशीला गेलो तर बाराचं अ‍ॅव्हरेज, रिकामा आलो तरी बाराचंच. गाडीत काहीतरी फॉल्ट आहे राव!" मग शेजारचा छातीठोकपणे सांगतो, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल गेले असतील, बघून घे. मीही हेच ऐकून एका गॅरेजात नोझल काढायला लावले, त्यातले दोन बदलले. अ‍ॅव्हरेज जिथल्या तिथे. पैसे गेले ते गेलेच. पुढे कळलं की अर्धा दोष गाडीत नव्हताच, माझ्या हिशेबात होता. उरलेला अर्धा भलत्याच ठिकाणी निघाला. तो शेवटी सांगतो.

मोजण्यातच चूक

"हजाराचं टाक" म्हणून डिझेल भरणाऱ्याला आपल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज कधीच कळत नाही. काटा कुठे होता आणि कुठे आला, एवढ्यावर तो अंदाज बांधतो. टाकीचा काटा वरच्या अर्ध्यात सावकाश आणि खालच्या अर्ध्यात भरभर उतरतो, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी त्याच काट्यावर भांडणं होतात.

रीत एकच. टाकी फुल करा, म्हणजे पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबा. वरून "अजून बसतंय" म्हणून कोंबू नका. किलोमीटर लिहून ठेवा. पुढची टाकीही त्याच पंपावर, शक्यतो त्याच जागी गाडी उभी करून, तशीच फुल करा. गाडी उताराला तिरकी उभी असली तरी दोन-तीन लिटरचा फरक पडू शकतो. चाळीस लिटरच्या भरण्यात दोन लिटर म्हणजे पाच टक्के. तेवढ्यावर लोक मिस्त्री बदलतात. त्यामुळे एका टाकीवर काही ठरवू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी धरा. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा स्वतःशीच तुलना करायला ठीक असतो, पण तो बहुतेक वेळा थोडा गोड बोलतो.

नाशिकचा रस्ता विसरणं

ही चूक सगळ्यात मोठी, आणि ती फक्त आपल्यासारख्या घाटमाथ्यावरच्या माणसांचीच होते.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर उंचीवर आहे. आपला माल जिथे विकला जातो ती नवी मुंबईतली वाशी जवळजवळ समुद्राच्या पातळीला. आपला माल खाली जातो आणि रिकामी गाडी वर येते. म्हणजे गाडी जड असते तेव्हा उतार तिला ढकलतो, आणि हलकी असते तेव्हा तिला सगळी उंची स्वतःच्या ताकदीवर चढावी लागते. भरलेल्या आणि रिकाम्या फेरीचं अ‍ॅव्हरेज सारखं येण्यामागचं निम्मं कारण इथेच आहे. गाडी बिघडलेली नाही, रस्ता तिरका आहे.

आकड्यात बघू. रिकामी पिकअप ड्रायव्हरसकट पावणेदोन टनाची धरा. तिला ५८० मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा, इंजिनात डिझेलच्या जवळपास दोन-तृतीयांश उष्णतेची नासाडी होते हे धरून, साधारण पाऊण ते एक लिटर डिझेलची होते. हे नुसतं उचलण्याचं. अंतर कापायचं डिझेल वेगळं. हीच गाडी दीड टन माल घेऊन वर आली, तर उचलण्यालाच दीड लिटरच्या आसपास जाईल. वाशीहून परतीचं भाडं म्हणून किराणा किंवा हार्डवेअर भरून आणणाऱ्याला अ‍ॅव्हरेज एकदम पडल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. तेव्हापासून काही जण म्हणतात, आता कसारा घाटच टळला, चढ संपला. घाटातली वळणं टळली, गिअर बदलणं टळलं, कंटेनरच्या मागे रखडणं टळलं, आणि त्याचा फायदा नक्की होतो. पण इगतपुरीजवळच्या आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जा नाहीतर जुन्या घाटाने जा, उंची तीच चढायची आहे.

म्हणून जाण्याचं वेगळं आणि येण्याचं वेगळं अ‍ॅव्हरेज काढून त्यांची तुलना करू नका. नाशिक ते नाशिक पूर्ण खेप मोजा. भरलेली विरुद्ध रिकामी असं खरंच तपासायचं असेल, तर सपाट रस्ता निवडा. निफाड-येवल्याच्या बाजूला तसा रस्ता मिळतो. दोन्ही वेळा एकाच दिशेने जा आणि सारखाच वेग ठेवा.

गाडी रिकामी झाली की पाय जड होतो

माल असला की आपण साठने चालवतो. मागे कॅरेट हलतात, ब्रेक लागायला वेळ लागतो, भीती असते. वाशीला गाडी खाली झाली, चहा घेतला, की तोच माणूस नव्वदने निघतो. आणि घरी येऊन म्हणतो, रिकामी असून डिझेल प्यायली.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठच्या जागी नव्वद म्हणजे वेग दीडपट, वाऱ्याचा मार सव्वादोन पट. माझ्या ढोबळ हिशेबाने सपाट रस्त्यावर नव्वदने पळणाऱ्या रिकाम्या पिकअपला जेवढा जोर लावावा लागतो, जवळपास तेवढाच दीड टन माल घेऊन साठने जाणाऱ्या पिकअपला लागतो. वजन कमी केल्याने जे वाचलं ते वाऱ्याने खाल्लं.

त्यात आपल्याकडे आणखी एक गंमत आहे: रिकामे कॅरेट. जाताना टोमॅटोचे भरलेले, येताना तेच रिकामे, पण रचलेले तेवढेच उंच. वाऱ्याला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्याला समोरची भिंत दिसते. एकात एक बसणारे कॅरेट असतील तर बसवून आणा, रचाई केबिनच्या टपाच्या खाली ठेवा. एकात एक बसत नसतील तर निदान ताडपत्री घट्ट ओढून बांधा. फडफडणारी ताडपत्री म्हणजे मागे बांधलेली छत्रीच. कोथिंबीर-मेथीच्या जुड्या नेणाऱ्यांना हे जाताना भोगावं लागतं: वजन काहीच नाही, उंची मात्र टपाच्या वर दोन-तीन फूट. पालेभाजी नेताना अ‍ॅव्हरेज टोमॅटोसारखंच येतं म्हणून वजनकाट्यावर संशय घेणारा एक जण मला माहीत आहे. (त्याचा संशय अजून गेलेला नाही.)

साठ-पासष्टचा वेग येतानाही धरला तर वाशी ते नाशिकमध्ये पाऊण तास जास्त लागतो. ज्याला सकाळी दुसरी खेप धरायची आहे त्याला हे परवडणार नाही, हे मान्य. पण मग डिझेल कुठे गेलं, हे विचारू नये. समृद्धीवर तर मालवाहू गाड्यांना ८० ची मर्यादाच आहे.

घाट न्यूट्रलमध्ये उतरणं

कसारा उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचतं, ही समजूत अजून मेलेली नाही. आताच्या कॉमन रेल (डिझेलचा फवारा संगणक ठरवतो अशा) गाड्यांत ती सरळ उलटी आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की संगणक इंजेक्टर बंद करतो; चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल शून्य जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल चालूच ठेवावं लागतं. म्हणजे जास्त डिझेल जाळून वर ब्रेकही जाळायचे. तीन टनाची गाडी नुसत्या ब्रेकवर घाट उतरली की ड्रम तापतात, आणि खालच्या वळणांवर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिनच बंद करून उतरणाऱ्याचा ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगायचे. डिझेलच्या हिशेबानेही ते बरोबर आहे.

चढताना उलटी चूक होते. आरपीएम कमी तर डिझेल कमी, असं धरून वरच्या गिअरमध्ये गाडी धडधडत ओढत न्यायची. साधारण १५०० आरपीएमच्या खाली टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नीट हवा देत नाही, धूर होतो, डिझेल अर्धवट जळतं. गाडी कण्हायला लागायच्या आत गिअर खाली टाका.

हवा, वजन, उभी गाडी

दाराच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये मागच्या टायरला भरलेल्या गाडीसाठी किती हवा हवी ते दिलेलं असतं. पंपावरच्या पोराने अंदाजाने मारलेली हवा नव्हे, ती हवा ठेवा. रोज माल नेत असाल तर भरलेल्या गाडीचीच ठेवा. परतीला काढून पुन्हा भरायचा खेळ कोणी करत नाही, करूही नये. हवा सकाळी टायर थंड असताना मोजा. पळून तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, म्हणून तेव्हा हवा काढली की सकाळी टायर बसलेला सापडतो.

क्षमतेपेक्षा जास्त माल भरून "एका खेपेत दोन खेपांचं डिझेल वाचवतो" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. त्यात किती डिझेल येतं ते ज्याचं त्याने बघावं.

बाजार समितीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून मोबाईल बघत बसलं की तासाला अर्धा ते एक लिटर जातं, आणि हे डिझेल अ‍ॅव्हरेजमध्ये शून्य किलोमीटरला धरलं जातं. लिलावाच्या दिवसांत अ‍ॅव्हरेज पडतं त्याला बहुतेक वेळा हेच कारण असतं.

मागे काही ओढत असाल तर

पिकअपच्या मागे जनरेटर, कॉम्प्रेसर नाहीतर काँक्रीट मिक्सर जोडून नेणारे आता दिसतात. पहिलं म्हणजे मॅन्युअल बघा. ओढायच्या वजनाचा आकडाच दिला नसेल तर कंपनीने गाडी त्यासाठी बनवलेली नाही असं समजा. दुसरं, हौद्यात पाचशे किलो टाकणं आणि मागे पाचशे किलो ओढणं सारखं नसतं. ट्रॉलीला स्वतःची चाकं, स्वतःचं वजन आणि स्वतःचा वारा असतो. दोन्हींच्या मधल्या फटीत हवा घुसळते. म्हणून तेवढ्याच वजनाला डिझेल जास्त लागतं.

वजन कसं ठेवायचं हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. गाडी उलाळ (मागे जड) झाली तर बैलाच्या गळ्याला ओढ बसते, धुरजड (पुढे जड) झाली तर मानेवर बोजा येतो. इथेही तेच. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के हुकावर यायला हवं. मागे जास्त वजन गेलं तर ट्रॉली शेपटीसारखी डोलते, आणि साठच्या पुढे ती आवरत नाही. ट्रॉलीच्या चाकांचे बेअरिंग कोणी वर्षानुवर्षं ग्रीस करत नाही. ते जाम झालं की अ‍ॅव्हरेजचा दोष पिकअपवर येतो.

आता खरा फॉल्ट शोधायचा असेल तर

वरचं सगळं सांभाळून तीन-चार टाक्या मोजल्या, आणि तरी अ‍ॅव्हरेज तुमच्याच जुन्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी असेल, तर गाडी तपासा. पण स्वस्त गोष्टींपासून.

आधी एअर फिल्टर. दिंडोरी-निफाडच्या शिवारातल्या मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर सर्व्हिसच्या तारखेपर्यंत थांबत नाही. सोबत टर्बोपासून इंजिनाकडे जाणारे रबरी पाइप हात फिरवून बघा. फाटलेल्या जागी तेलकट काळपट ओल लागते, आणि चढाला काळा धूर व शिट्टीसारखा आवाज येतो.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत थंड पाणी रोखणारी झडप) उघडा अडकला की इंजिन तापतच नाही. हिवाळ्यात निफाडचा पारा एक आकडी होतो, तेव्हा हे चटकन कळतं: दहा किलोमीटर गेलं तरी तापमानाचा काटा खालीच. थंड इंजिनाला संगणक जास्त डिझेल देतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असेल आणि ती नाशिकच्या सातपूर-अंबडमध्येच पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारत असेल, तर काजळी साठते. ती जाळायला गाडी स्वतःहून जास्त डिझेल वापरते, आणि तेवढ्यात तुम्ही चावी काढली की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. डिपस्टिकवर ऑइल घातल्यापेक्षा वाढलेलं दिसलं तर हीच शंका घ्या. जळायला सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास एका वेगाने चालवा. डीपीएफ कापून टाकून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे जाऊ नका, गाडी पीयूसीला आणि कायद्याला दोन्हीकडे अडकते.

भरलेल्या गाडीत चढाला आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, जळका वास येतो, तर क्लच घसरतोय.

आणि चाकं. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत चालवा, सपाटीला गाडी लोळत थांबू द्या, मग चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या. लावू नका, भाजेल. एक चाक इतरांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथे ब्रेक सुटत नाहीये. जॅक लावून ते चाक हाताने फिरवून बघा.

माझं मागचं डावं चाक असंच निघालं. हँडब्रेकची केबल पावसाळ्यात गंजून अडकली होती, हँडब्रेक खाली केला तरी लायनर घासतच राहायचा. रिकाम्या गाडीत ते जास्त जाणवायचं, भरलेल्या वजनात लपून जायचं. म्हणून मला वाटायचं की रिकामी असतानाच काहीतरी बिघडतंय. केबल आणि मजुरी मिळून जो खर्च आला तो एका नोझलच्या किमतीच्या आसपासही नव्हता. काढलेले दोन जुने नोझल अजून केबिनमध्ये सीटखाली पडलेले आहेत. एका ओळखीच्या मिस्त्रीने तपासून सांगितलं, दोन्ही चांगले आहेत.